चार जीपा, अठ्ठावीस जणी: जंगलवाटेची तयारी



आज बोलायचं आहे गटानं जीपा करून जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं जाण्याबद्दल. शहरातले हौशी लोक यासाठी मोठाल्या गाड्या घेतात. डांबरी सडक मुद्दाम सोडून नदीनाल्यांतून, दगडगोट्यांवरून गाड्या घालतात. त्याला ते ‘ऑफरोडिंग’ म्हणतात, आणि त्यांचे क्लबही असतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या बैठकीत खूप हसू झालं. एक आजी म्हणाल्या, “आमचा पांदण रस्ता पाह्यला नाही वाटते त्यायनं. फुकटात दाखवू.” आजींचं खरंच आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून बैलबंडी काढणाऱ्या आपल्या बायांना चिखल काय नवा नाही. पण त्या हौशी लोकांची एक गोष्ट आम्हाला पटली. एका गाडीनं जाणं वेगळं आणि चार गाड्यांनी मिळून जाणं वेगळं, हे ते नीट समजून असतात. कोण पुढे, कोण मागे, चुकामूक झाली तर काय, हे ते निघायच्या आधी ठरवतात. आपण मात्र लग्नाची वरात निघावी तसे निघतो. ज्याची गाडी आधी भरली तो सुटला.

आमच्या गटांच्या बाया दर हिवाळ्यात मेळघाटात जातात. कोरकू बायांचे गट मोहाचं, मधाचं, कुटकीचं काम कसं करतात ते पाहायला, आणि आपलं काही दाखवायला. तूर घरात आली की मधले पंधरा दिवस जरा मोकळे असतात, तेव्हा हे जमतं. परतवाड्याहून घटांगवरून सेमाडोहपर्यंत रस्ता बरा आहे. पण सेमाडोह सोडून आतल्या गावांकडे वळलं की घाट, नाले, साग आणि धूळ. मोबाइलची रेंज म्हणाल तर एखाद्या वळणावर दोन काड्या, पुढच्या वळणावर काहीच नाही. तिथे चार जीपांत अठ्ठावीस बाया घेऊन जायचं म्हणजे तयारी लागते. ही तयारी मेळघाटापुरतीच नाही. तोरणमाळला जा, भामरागडला जा, नाहीतर कोकणात उतरणाऱ्या एखाद्या कच्च्या घाटानं जा, गोष्टी त्याच आहेत.

पहिली गोष्ट बैठकीची. सहलीच्या आधी आम्ही दोन बैठका घेतो. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न, कोण कशासाठी येणार. हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी भांडणं इथेच मुरलेली असतात. कोणाला मोहाचे लाडू शिकायचे असतात, कोणाला चिखलदऱ्याचे पॉइंट पाहायचे असतात, कोणाला वाघ दिसावा असं वाटतं, आणि कोणी चार वर्षांत माहेराशिवाय कुठेच गेलेली नसते, तिला फक्त जायचं असतं. यातलं काहीच चूक नाही. पण हे आधी बोललं नाही तर जंगलात दुपारी बारा वाजता एक जीप म्हणते पॉइंटवर चला, दुसरी म्हणते गावात चला. म्हणून ठरवायचं आणि ठराव वहीत लिहायचं: आपण या दोन गावांत जाणार, इतक्या वाजता परत फिरणार, पॉइंट वेळ उरला तरच.

परत फिरण्याची वेळ लिहून ठेवा असं आम्ही मुद्दाम सांगतो. जानेवारीत सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि घाटात अंधार त्याहून आधी पडतो. आमचा नियम दुपारी ३चा आहे. दुपारी ३ वाजता आपण जिथे असू तिथून तोंड परतीला. मग ते गाव दोन वळणांवर राहिलेलं का असेना. हा नियम पाळताना प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी रुसतं. रुसू द्यावं.

दुसऱ्या बैठकीला जीपवाले हवेतच. हे आम्ही ठासून सांगतो, कारण बहुतेक गट भाडं फोनवर ठरवतात आणि ड्रायव्हरची तोंडं निघायच्या दिवशी पाहतात. ड्रायव्हरभाऊ समोर बसले की बऱ्याच गोष्टी निघतात. रस्ता कच्चा आहे हे त्यांना आधी सांगा. नाहीतर तिथे गेल्यावर “ताई, एवढं ठरलं नव्हतं” सुरू होतं, आणि एकदा जंगलात असलं की भाव करायची ताकद आपल्याकडे उरत नाही. डिझेल कोणाचं, पंक्चर कोणाचं, टोचन करावं लागलं तर खर्च कोणाचा, रात्री उशीर झाला तर ड्रायव्हरच्या जेवणाचं काय, सगळं वहीत. आदल्या रात्री लग्नाचं भाडं मारून आलेला ड्रायव्हर नको, हेही तोंडावर सांगायचं. राग येत नाही त्यांना, उलट बाया हिशोबाच्या आहेत हे कळतं.

गाडीची पाटी पाहा. पिवळ्या पाटीची गाडी भाड्यासाठी असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेतली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. तसंच आरसी बुकात जितक्या सीट लिहिल्या तितक्याच बाया बसवायच्या. आमच्याकडच्या बोलेरोत ड्रायव्हर धरून नऊ बसतात, पण घाटात आम्ही आठच बसवतो, म्हणजे सात बाया आणि ड्रायव्हर. मागच्या आडव्या सीटवर पाय आखडून बसलेली बाई उतरेपर्यंत अर्धी होते. शिवाय जास्तीचं ओझं मागे पडलं की चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. टपावर सामान कमीत कमी. टप जड झाला की वळणावर गाडी झुकते.

स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे स्वतः पाहा. आहे म्हणणारे सगळेच असतात, पण जॅक कधी कधी मेहुण्याच्या गाडीत असतो. चार जीपांत मिळून एक जाड दोरखंड, एक फावडं, एक पहार, दोन-तीन रिकामी बारदानं आणि हवा भरायचा पायपंप. बारदान कशाला, तर चाक चिखलात फिरायला लागलं की चाकाखाली सरकवायला. आपल्या काळ्या मातीत ते दगडापेक्षा बरं काम करतं.

आता रस्त्याची चौकशी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. रेंज नसली तरी फोनला आपण कुठे आहोत ते आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं, त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशा मात्र आधी साठवलेला हवा. पण नकाशाला हे ठाऊक नसतं, की मागच्या पावसात नाल्यावरची मोरी वाहून गेली. ते ठाऊक असतं आशाताईला, एसटीच्या वाहकाला, तेंदूपत्त्याचा ट्रक नेणाऱ्याला. निघायच्या दोन दिवस आधी त्या गावच्या आशाताईंना फोन करून विचारायचं, जीप येते का, की फक्त मोटरसायकल येते.

वाट विचारण्याचीही एक रीत आहे. “हा रस्ता हतरूला जातो ना?” असं विचारलं की समोरचा माणूस भिडेनं हो म्हणतो. आपणही म्हणतो. त्याऐवजी “हा रस्ता कुठं जातो?” असं विचारा आणि त्याच्या तोंडून गावाचं नाव येऊ द्या. दोन माणसांना वेगवेगळं विचारा. मेळघाटात घराघरांत कोरकू बोलतात. ती भाषा मराठी किंवा गोंडीच्या घरातली नाही, अगदी वेगळ्या कुळातली आहे. म्हाताऱ्या माणसांना आपली घाईची मराठी कळेलच असं नाही. गाडीतून ओरडून विचारू नका. एकीनं उतरावं, जवळ जावं, हळू विचारावं. आणि “जवळच आहे” या उत्तरावर विसंबू नये. रोज चालणाऱ्या माणसाचं जवळ आणि आपलं जवळ यात दोन घाट असू शकतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चार गाड्या एकमेकींशी बोलणार कशा?

दुसऱ्या एका तालुक्यातल्या गटाची हकिगत आम्हाला त्यांच्याच बायांनी सांगितली. दोन जीपा होत्या. फाट्यावर पुढची डावीकडे गेली, मागची धुळीत होती, तिला दिसलं नाही, ती सरळ गेली. दोघींना वाटत राहिलं दुसरी पुढेच असेल, म्हणून दोन्ही जीपा वेगानं पळवल्या. मागच्या जीपमध्ये शुगरच्या एक काकू होत्या. सकाळी गोळी घेतलेली, आणि डबा नि पिशवी पुढच्या जीपच्या टपावर. दुपार झाली, काकूंना घाम सुटला, हात कापायला लागले, त्या असंबद्ध बोलायला लागल्या. शेजारच्या बाईला कळलं की साखर उतरली आहे. एका पाड्यावर घरातून मूठभर साखर मिळाली, ती पाण्यात घालून पाजली, म्हणून निभावलं. दोन्ही जीपा भेटायला तीन तास गेले. त्यातला एक तास दोघी एकाच रस्त्यावर एकमेकींना शोधत उलटसुलट फिरत होत्या.

यातून दोन नियम निघतात. एक छोटा आहे: औषध, पाण्याची बाटली आणि थोडं खायला ज्याचं त्याच्या मांडीवर. टपावर नाही, शेजारणीच्या पिशवीत नाही.

मोठा नियम हा: प्रत्येक जीप आपल्या मागच्या जीपला जबाबदार. पुढच्या नाही, मागच्या. हे नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ यात आहे. आपली सवय पुढच्याला धरून राहायची असते. त्यामुळे मागचा घाबरून पळतो आणि पुढच्याला पत्ता नसतो. नियम उलटा केला की काय होतं पाहा. चौथी जीप थांबली. तिसरीतली बाई मागे बघते, चौथी दिसत नाही, म्हणून तिसरी थांबते. दुसरीला तिसरी दिसेना, ती थांबते. मग पहिली थांबते. कोणी फोन केला नाही, हॉर्न वाजवला नाही, तरी सगळी रांग आपोआप थांबली. आणि फाटा आला की तिथेच थांबायचं. मागची जीप आपल्याला पाहील, आपण कुठे वळतो ते पाहील, तेव्हाच पुढे निघायचं. सगळ्या जणी सगळ्या फाट्यांवर असंच करणार, त्यामुळे कोणी चुकायला जागा उरत नाही.

यासाठी ड्रायव्हरवर विसंबून चालत नाही. त्याचे डोळे खड्ड्यावर असतात. म्हणून प्रत्येक जीपमध्ये एक ‘मागे बघणारी’ नेमायची. आम्ही मुद्दाम बोलक्या बाईला नेमत नाही. ती गप्पांत रंगते. जिला उलटी होते आणि खिडकीपाशीच बसायचं असतं, तिला हे काम छान जमतं. तिचंही मन लागतं. गाड्यांचे नंबरही ठरवायचे, एक ते चार, आणि दिवसभर तेच. पहिल्या जीपला रस्ता माहीत असलेला ड्रायव्हर, आणि शेवटच्या जीपला सर्वांत मुरलेला. लोक चांगला ड्रायव्हर पुढे घालतात, पण अडकलेल्याला काढायचं असतं ते मागच्याला. दोरखंड, फावडं, औषधाची पेटी शेवटच्या जीपमध्ये.

गेल्या हिवाळ्यात सेमाडोहच्या पुढे आमच्या चौथ्या जीपचं चाक पंक्चर झालं. पहिल्या जीपमध्ये भजनं चालू होती. तरी दहा मिनिटांत चारही जीपा थांबलेल्या होत्या. तिसरीतल्या मागे बघणारीनं फक्त “धूळ दिसत नाही” एवढंच म्हटलं होतं. स्टेपनी बदलेपर्यंत पुढच्या बायांनी सागाच्या सावलीत पोळ्या उघडल्या. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि म्हणूनच आम्ही ते सांगतो आहोत.

अंतराचं म्हणाल तर धुळीत मागच्या गाडीला पुढची दिसेल पण तिची धूळ खावी लागणार नाही इतकं ठेवावं. तीव्र चढावर आणि नाल्यात एका वेळी एकच गाडी. पहिली वर पोचून बाजूला लागली की दुसरीनं निघायचं. चढावर पुढची गाडी बंद पडून मागे घसरली तर मागे कोणी असता कामा नये. अरुंद घाटात समोरून गाडी आली तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वाहतुकीचा नियमही तोच आहे. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे जे शहाणे असतात, त्यांना बैठकीतच सांगायचं की आमच्या बाया असताना हे चालणार नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर लांब उतार उतरला तर ब्रेक तापून ढिले पडतात.

वॉकीटॉकीबद्दल आम्हाला पुष्कळ जणी विचारतात. दोन वर्षांपासून आम्ही एक जोडी वापरतो, पहिल्या आणि शेवटच्या जीपमध्ये. सगळ्या वॉकीटॉकी कोणालाही वापरता येत नाहीत. २०१८च्या नियमांप्रमाणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या संचाला परवाना लागत नाही. इतर बऱ्याच संचांना लागतो. घेताना खोक्यावर हा पट्टा आणि सरकारी मंजुरी पाहा. दुकानदार “दहा किलोमीटर चालते” म्हणेल. सपाट रानात कदाचित चांगलं अंतर मिळेल, पण घाटात एक-दोन किलोमीटर चाललं तरी पुष्कळ. कारण या लहरी सरळ जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. आपल्याच रेडिओचं बघा ना. टेकडीच्या अलीकडे आमचा आवाज खणखणीत, पलीकडच्या वाडीत नुसती खरखर. तिथल्या ताया दरवेळी तक्रार करतात, आणि आम्ही डोंगराकडे बोट दाखवतो.

वॉकीटॉकीवर बोलायची रीत फोनसारखी नाही. एका वेळी एकीलाच बोलता येतं. बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो आणि “थांबू नका”मधलं नेमकं काय ऐकू जाईल सांगता येत नाही. म्हणून आमचे शब्द ठरलेले आहेत. ‘थांबा’ म्हणजे थांबा. ‘चला’ म्हणजे चला. ‘नका’ हा शब्दच वापरायचा नाही. आधी ज्याला हाक मारायची त्या जीपचा नंबर, मग आपला, मग निरोप, शेवटी ‘संपलं’. ऐकणारीनं तोच निरोप परत म्हणून दाखवायचा. “एक, मी चार. थांबा. संपलं.” “चार, मी एक. थांबलो. संपलं.” पहिल्यांदा बायांना हे नाटकासारखं वाटतं, हसू येतं. गावातच मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत दोनदा सराव केला की जीभ वळते.

वॉकीटॉकी नसेल तर काही अडत नाही. दिवे आणि हॉर्न आहेत. मागच्या जीपनं हेडलाइट सारखे उघडझाप केले तर थांबा. तीन लांब हॉर्न म्हणजे मदत हवी. हात बाहेर काढून तळवा खाली-वर, हळू. हे इशारे चारही ड्रायव्हरांना एकसारखे ठाऊक हवेत, कारण प्रत्येकाचं आपलं एक शास्त्र असतं. जंगलात उगाच हॉर्न वाजवायचा नसतो, तेव्हा ठरलेल्या कामालाच वापरायचा.

फोनचंही सांगतो. रेंज नसलेल्या भागात फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. म्हणून प्रत्येक जीपमध्ये एकच फोन चालू, बाकीचे फ्लाइट मोडवर. रेंज कच्ची असेल तिथे बोलणं होत नाही पण साधा मेसेज जातो. व्हॉट्सॲपचा नाही, साधा एसएमएस. आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल, तर ११२ लागू शकतो, लावून पाहावा. १०८ ही रुग्णवाहिका, आणि वनविभागाचा १९२६. हे तीनही नंबर कागदावर लिहून जीपच्या काचेला चिकटवायचे. फोनमध्ये साठवलेला नंबर फोनसोबतच मरतो.

यंत्रांचं झालं. आता जे यंत्रानं होत नाही ते. आमच्या मते चार जीपांत सर्वांत अवघड संदेश कोणता, तर मागच्या सीटवरच्या बाईनं ड्रायव्हरला “थांबा” म्हणणं. तुम्ही आठवून पाहा. पोट दुखतंय, लघवीला जायचंय, गाडी नाल्यात घालताना छातीत धस्स झालंय, तरी आपण बोलत नाही. लोक काय म्हणतील, सगळ्यांचा खोळंबा होईल, ड्रायव्हर पुरुषमाणूस आहे, त्याला जास्त कळतं. एखादी नवी सून असते, तिच्याच गाडीत चुलतसासू असते, मग तर संपलंच. ही गप्प बसायची सवय घरात खपते, घाटात जिवावर येते.

म्हणून बैठकीत ड्रायव्हरांसमोर आम्ही एक ठराव घेतो: कोणत्याही जीपमधली कोणतीही बाई ‘थांबा’ म्हणाली, की गाडी थांबेल. कारण नंतर विचारायचं. कारण फुसकं निघालं तरी कोणी हसायचं नाही. ज्यांना बोलायला जडच जातं त्यांच्यासाठी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप. आणि दर तासाला पाच मिनिटं सगळ्यांसाठी थांबा, म्हणजे लघवीसाठी कोणाला एकटीनं तोंड उघडावं लागत नाही. पाणी न पिता बसणाऱ्या बाया आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. जागा नाही म्हणून त्या पाणी पीत नाहीत, मग डोकं दुखतं, चक्कर येते. थांबल्यावर दोघी-दोघींनी जायचं, हाकेच्या अंतरात, आणि परतल्यावर प्रत्येक जीपमध्ये डोकी मोजायची. सात म्हणजे सात. “सगळ्या आल्या ना?” असं विचारून चालत नाही, कारण जी आली नाही ती “नाही” म्हणायला नसते.

या ठरावाचा उपयोग पाण्यापाशी होतो. मेळघाटात खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार अशा पाच नद्या आहेत, सगळ्या तापीला मिळतात. त्यांना येऊन मिळणारे नाले तर मोजायला नको. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना नाला भरून येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्याकुड्या वाहत आल्या, आवाज बदलला, की समजायचं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत जीपसुद्धा वाहून जाऊ शकते. त्यामुळे भरलेल्या नाल्यात गाडी घालायचीच नाही. काठावर थांबायचं, पाणी उतरायची वाट बघायची, दोन तास लागले तर लागले. उतरत नसेल तर परत फिरायचं. “माझी गाडी निघते ताई, काही होत नाही” म्हणणाऱ्या भाऊला ठरावाची आठवण द्यायची.

हिवाळ्यात नाला घोट्याइतका असेल आणि तळ दिसत असेल, तर बायांनी उतरून पायी पार व्हावं, मोकळी जीप मागून यावी. आधी काठी घेऊन एकानं पलीकडे जाऊन दगड, खड्डे पाहावेत. मग पहिल्या गिअरमध्ये, एका चालीत, मध्ये क्लच न दाबता आणि न थांबता गाडी काढायची. पलीकडे गेल्यावर हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबायचे, म्हणजे ओले ब्रेक सुकतात.

गाडी रुतली तर एक्सिलेटर दाबत बसू नये. चाक स्वतःची विहीर खणतं. उतरा, चाकापुढची माती फावड्यानं काढा, बारदान घाला, हळू काढा. दोरखंडानं ओढायची वेळ आली तर बायांनी दोराच्या लांबीच्या दुप्पट तरी लांब उभं राहायचं. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा येतो. दोरावर मधोमध एक जाड गोधडी टाकली तर तुटलाच तरी जोर कमी होतो. आणि धक्का मारायला सगळ्यांनी जायचं नाही. सांगणारी एकच असावी, तीही ड्रायव्हरला समोरून दिसेल अशी. सात जणी सात बाजूंनी “मागे घ्या, पुढे घ्या” ओरडल्या की भला ड्रायव्हरही गडबडतो.

जंगलाचं थोडक्यात. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जागांत मेळघाट होतं. ते वाघाचं घर आहे, आणि त्याआधीपासून कोरकूंचं. गेटच्या वेळा आधी विचारा, नोंद करा, ठरलेली वाट सोडून गाडी आत घालू नका, तो गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून पुढे सागाची पानं वाळून रस्ताभर पडलेली असतात, त्यांवर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरनं पेट घेऊ शकतो. साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही नाही. बाईला धीर द्या, हात-पाय हलू देऊ नका, आणि सरळ दवाखाना. सेमाडोह, हरिसाल, हतरू इथे प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. कोणतं कोणत्या वाटेवर आहे ते आधी वहीत.

ज्या गावात जायचं तिथल्या बायांना किती जणी येणार, जेवणार की नाही, हे आठ दिवस आधी कळवा. आकडा बदलला तर पुन्हा कळवा. अठ्ठावीस बाया अचानक दारात उभ्या राहिल्या तर गरीब घरातली बाई नाही म्हणत नाही, उसनं आणते. आम्ही शिधा सोबत नेतो आणि रांधायला त्यांच्यासोबत बसतो. गप्पा तिथेच खऱ्या होतात.

शेवटी घरी राहणाऱ्या बाईबद्दल. प्रत्येक सहलीला आम्ही एक जण गावात ठेवतो. तिच्याकडे एक कागद असतो: चार जीपांचे नंबर, ड्रायव्हरांचे फोन, अठ्ठावीस जणींची नावं, कोणाला काय आजार, कोणत्या वाटेनं जाणार, कोणत्या वाटेनं येणार. सोबत लिहिलेलं असतं, की रात्री ८ पर्यंत निरोप आला नाही तर तिनं पहिल्यांदा कोणाला फोन करायचा, ९ वाजता कोणाला. वाट बदलली तर रेंज मिळेल तिथून तिला मेसेज, मगच वळायचं. हे काम कोणाला नको असतं, कारण सहल हुकते. म्हणून आमच्या गटांत पाळी लावली आहे, आणि यंदा जी मागे राहील तिची पुढच्या वर्षीची वर्गणी गट भरतो. जीपा परतल्या की चौथ्या जीपमधली शेवटची बाई तिच्या दारात उतरते, कागदावर सगळ्या नावांपुढे खुणा झालेल्या बघते, आणि मगच ड्रायव्हरभाऊंचे उरलेले पैसे दिले जातात.